एक वजा

मी एक जुना मोजणीचा टेप आहे. कापडी आहे, आत पितळेची बारीक तार विणलेली आहे आणि बाहेर चामड्याची गोल डबी आहे. डबीवरचा पितळी दांडा फिरवला की मी गुंडाळला जातो. माझ्या अंगावर पन्नास फूट छापलेले आहेत, पण मी आहे एकोणपन्नास फुटांचा. उरलेला एक फूट कुठे गेला आणि गेल्यावर त्याने काय काय केलं, ते मला तुम्हाला सांगायचं आहे. या उन्हाळ्यात मला ते कळलं, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. टेपच्या अंगावर कसला काटा येतो, असं म्हणू नका, मित्रांनो. आला होता, आणि अजून गेलेला नाही.

आमच्या गावाचं नाव मी सांगणार नाही. उगाच चारचौघांत शोभा कशाला? अकोल्याहून अमरावतीकडे जाताना एसटी जिथे जरा टेकते आणि लोक खाली उतरून कचोरी खातात, असं एक नगरपरिषदेचं गाव समजा. पस्तीस वर्षांपूर्वी अकोल्याच्या एका दुकानातून मला तिथे आणलं आणि माझी डबी देवमनजींच्या हातात दिली.

देवमनजी म्हणजे मोजणीचा माणूस. गावातली घरं, दुकानं, ओटे, नाल्या, सगळं तेच मोजत. उंच, सडपातळ, खिशाला दोन पेनं. कामावरून आले की कोरड्या फडक्याने मला इंच इंच पुसत आणि मगच गुंडाळत. चिखल लागलेला टेप तसाच गुंडाळणाऱ्याला ते माणसात धरत नसत. गावात लोक भांडायला उठले, की कोणीतरी म्हणायचं, देवमनजींना टेप घेऊन बोलवा. मी पसरलो की भांडण मिटायचं. असा माझा थाट होता. गर्व होता का? होता. कशाला नाही म्हणू?

मी गावात आल्याच्या दुसऱ्या वर्षी माझा घात एका शेळीने केला. देवमनजींनी माझं टोक एका अंगणात दगडाखाली दाबून ठेवलं आणि दुसऱ्या टोकाला ते आकडा वाचायला गेले. तेवढ्यात शेळीने माझं तोंडच चघळलं. पितळी कडी तेवढी तिने थुंकून दिली. देवमनजींनी कपाळाला हात लावला, मग कात्री मागून घेतली आणि बरोबर एक फुटाच्या रेघेवर मला कापलं. स्टँडवरच्या चांभाराकडून कडी पुन्हा शिवून घेतली. त्या दिवसापासून मी शून्यापासून नाही, एकपासून सुरू होतो.

नव्या टेपसाठी देवमनजींनी सात अर्ज केले. सातही वेळा निधी नसल्याचं उत्तर आलं. त्याच काळात सभागृहात फिरत्या खुर्च्या आल्या, तो भाग वेगळा. मग त्यांनी स्वतःची रीत बसवली. तोंडाने माझा आकडा मोठ्याने वाचायचे आणि वहीत लिहिताना एक कमी करायचे. चौदा म्हणायचे, तेरा लिहायचे. नवा कोणी सोबत असला की चमकून बघायचा. देवमनजी त्याला माझी डबी दाखवत. डबीवर त्यांनी पांढऱ्या रंगाने ठसठशीत लिहून ठेवलं होतं: एक वजा. अशी तीस वर्षं आम्ही काढली आणि गावात एक विटेचीही चूक झाली नाही.

ते निवृत्त व्हायचे त्या ऑक्टोबरची ही गोष्ट. दसऱ्याला आमच्या ऑफिसात हत्यारांची पूजा होते. टंकलेखन यंत्र होतं तेव्हा त्याची व्हायची, आता संगणकाची होते. पाण्याच्या टँकरला झेंडूची माळ पडते, आणि मोजणीच्या सामानालाही हळदीकुंकू लागतं. देवमनजी दसऱ्याला कधीच गावात नसत. ते दरवर्षी नागपूरला दीक्षाभूमीवर जात. त्यांच्या मागे ऑफिसातला शिपाई पिंटू पूजेची तयारी करत होता. भाविक आणि हौशी माणूस. त्याला माझी काळवंडलेली डबी बघवली नाही. इतकी वर्षं राबलेला टेप, पूजेला असा कळकट कसा बसवायचा, असं त्याला वाटलं. त्याने लाल ऑइलपेंट आणला आणि डबीला दोन हात मारले. मी आरशासारखा चमकू लागलो. माझ्यावर फूल ठेवलं, सोन्याची पानं ठेवली, नमस्कार केला. एवढ्या प्रेमाने माझ्या अंगावरचे दोन शब्द कोणी पुसेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर मीही त्या दिवशी मिरवतच होतो.

देवमनजी परत आले, डबी पाहून हसले. रंग वाळला की पुन्हा लिहू म्हणाले. मग निरोपाची गडबड, पेन्शनचे कागद, हार, नारळ, शाल. त्यांच्या जागी येणारा माणूस अजून रुजू झाला नव्हता. शेवटच्या दिवशी हार गळ्यात असतानाच त्यांनी पिंटूला बाजूला घेतलं.

"पिंटू, नव्या मानसाले सांगजो. या टेपातून एक वजा करा लागते."

"सांगतो ना जी," पिंटू म्हणाला. त्याच्या हातात तेव्हा चिवड्याच्या वीस प्लेट होत्या.

नवा माणूस सूर्यभान पंधरा दिवसांनी आला. तोवर पिंटूची पाणीपुरवठ्याकडे बदली झाली होती. सूर्यभान वाईट नव्हता. घाईचा होता, पण लबाड नव्हता. तोही माझा आकडा मोठ्याने वाचायचा, आणि मग मला गुंडाळून पिशवीत टाकायचा. लिहायचा नंतर, ऑफिसात. मला वाटायचं, लिहिताना एक कमी करत असेल. देवमनजी तसंच करायचे ना? शंका घ्यायचं मला कारणच नव्हतं.

ती वर्षं कामाची होती. निवडणुका लांबल्या होत्या, नगरपरिषदेवर प्रशासक बसले होते आणि सगळी कामं एकदमच निघाली. घरपट्टीसाठी गावातली सगळी घरं पुन्हा मोजली. दोनशे चौरस फुटांहून लहान घरात राहणाऱ्यांना पक्क्या घरासाठी मदत द्यायची म्हणून तीही घरं मोजली. खालच्या वस्तीत भुयारी गटार टाकलं, तेव्हा खड्ड्याची खोली मोजायलाही मीच गेलो. तिन्ही कामांत मी धावलो आणि म्हातारपणी एवढं काम मिळतंय म्हणून फुशारलो.

मग निवडणूक झाली. सत्यभामाताई नगराध्यक्षा झाल्या. पिंटूही पाणीपुरवठ्यावरून पुन्हा ऑफिसात आला आणि सभागृहात चहा देऊ लागला. या एप्रिलमध्ये सर्वसाधारण सभा भरली. कूलर घरघरत होता, तरी सगळे घामाने भिजलेले. वरून निधी आला होता, आणि तो एकाच कामाला पुरेल एवढा होता. मागण्या तीन होत्या. बाजारपेठेचे नगरसेवक म्हणत होते, घरपट्टी अचानक वाढली, लोक शिव्या देतात, करात सूट द्या. दुसरे म्हणत होते, घरांच्या मदतीचे अर्धे अर्ज नाकारले, ती यादी वाढवा. तिसरे म्हणत होते, खालच्या वस्तीत नवंकोरं गटार उलटं वाहतं, आधी ते बघा. दोन तास नुसती तू तू मैं मैं चालली. सूट मागणाऱ्यांची संख्या जास्त होती, कारण घरपट्टी सगळेच भरतात आणि उलटलेलं गटार एकाच गल्लीत असतं.

मोजणीचे कागद दाखवायला सूर्यभानला बोलावलं होतं. कागदांवर वजन म्हणून त्याने मला ठेवलं होतं. म्हणून मी हे सगळं पाहिलं.

लोकांच्या बाकांवर एक म्हातारी आणि तिची सून बसल्या होत्या. म्हातारी सुंदराबाई. सून माधवी, ब्लाऊज शिवणारी; गळ्यात शिलाईचा टेप तसाच राहिलेला. गटार ज्या घरात उलटं येत होतं, ते यांचं घर. न्हाणीच्या मोरीतून घाण पाणी वर यायचं आणि खोलीभर पसरायचं. माधवीची आठ वर्षांची मुलगी आचल टायफॉइडने अकोल्याच्या दवाखान्यात होती. बाप किशोर तिच्या उशाशी बसलेला. दुसऱ्या दिवशी तिला सोडणार होते, आणि डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, की पोरीला त्या घरात परत नेऊ नका. न्यायचं कुठे मग? घराच्या मदतीसाठी त्यांनी अर्ज केला होता. तो नाकारला गेला होता, कारण घर दोनशेपेक्षा मोठं भरलं. लेकराला उद्या कुठे न्यायचं, एवढाच प्रश्न घेऊन त्या दोघी आल्या होत्या.

सत्यभामाताईंनी त्यांना बोलू दिलं. माधवी उभी राहिली. म्हणाली, आमची खोली तेरा बाय पंधरा आहे, मी मोजलीय. तुमच्या कागदावर चौदा बाय सोळा कशी?

सूर्यभान हसला. "ताई, हा सरकारी टेप हाये. तुमचा तो ब्लाऊज मोजाचा."

"ब्लाऊज एक इंच चुकला तं बाई तोंडावर फेकून मारते, साहेब," माधवी म्हणाली. "मले चुकून चालत नाई."

सभागृहात हशा पिकला. मीही मनात हसलो, मित्रांनो. मला वाटलं, ही काल आलेली पोर मला शिकवणार? सत्यभामाताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी समोरच्या लांब टेबलाकडे बोट केलं आणि म्हणाल्या, हेच मोजा, दोघांच्याही टेपांनी.

आधी मी पसरलो. सूर्यभानने वाचलं, नऊ फूट. मग माधवीने गळ्यातला टेप काढला. एक पूर्ण टेप साठ इंचांचा, वर छत्तीस. शहाण्णव इंच म्हणजे आठ फूट.

हशा थांबला. सूर्यभानने मला पुन्हा लावलं, नीट ताणून. पुन्हा नऊ. मग त्याने माझं टोक आयुष्यात पहिल्यांदा डोळ्यांजवळ नेलं. कडीच्या पुढे लगेच एकचा आकडा होता. तो आकडा त्याने बोटाने चोळून पाहिला. त्याने वहीत नऊच लिहिलं असतं, हे मला त्या क्षणी कळलं. आज लिहिलं असतं, काल लिहिलं होतं, तीन-साडेतीन वर्षं लिहीत आला होता. तो कधीच एक वजा करत नव्हता. कोणीच करत नव्हतं.

मी हादरलो. मी खोटं बोललो नव्हतो, पण माझं बोलणं जसंच्या तसं खरं धरलं गेलं होतं. सत्यभामाताईंनी सूर्यभानला विचारलं, याच टेपने काय काय मोजलंस? तो एकेक सांगत गेला, आणि प्रत्येक उत्तरासरशी मला वाटत होतं, आता पुरे. गावातलं प्रत्येक घर लांबीला एक फूट, रुंदीला एक फूट वाढलं होतं. म्हणून घरपट्टी वाढली. लहान घरं कागदावर मोठी झाली होती. म्हणून मदत नाकारली. आणि गटार? जमीन उताराची होती, सगळीकडे सहा फूट खोल खणायचं ठरलं होतं. वरचा भाग कंत्राटदाराने आपल्या पोलादी टेपने मोजला, तो बरोबर सहा. खालच्या भागाची खोली माझ्यावर सोपवली होती. मी सहा दाखवले, ते पाचच होते. म्हणजे वरून आलेल्या पाण्याला पुढे फूटभर चढ. पाणी चढ चढत नाही. ते जिथे अडायचं, तिथे सुंदराबाईंची न्हाणी होती.

दोन तास जी तीन भांडणं चालली होती, ती तिन्ही माझ्या एका फुटाची होती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा सगळा कारभार.

मग जे व्हायचं तेच झालं. दोषी कोण? सूर्यभान म्हणाला, मला कोणी सांगितलंच नाही. चहाचा ट्रे घेऊन उभा असलेल्या पिंटूला देवमनजींचा तो निरोप आता आठवला. एकाने ठराव मांडला की हा टेप भंगारात काढावा आणि विषय संपवावा. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय? तेवढ्यात पिंटूने ट्रे खाली ठेवला आणि तो कोणाला न विचारता बाहेर पडला. अर्ध्या तासाने तो स्कूटरवर देवमनजींना घेऊन आला.

देवमनजी खूप थकले होते. काठी आली होती हातात. त्यांनी मला उचललं, लाल डबीवरून अंगठा फिरवला. नगरसेवक त्यांच्यावर तुटून पडायच्या तयारीत होते. देवमनजींना सात अर्जांची आठवण करून देता आली असती. पिंटूकडे बोट दाखवता आलं असतं. मी वाट पाहत होतो, की ते माझी बाजू घेतील.

"चूक माही हाये," देवमनजी म्हणाले. "टेप फाटका होता थे चूक नाई. फाटक्या टेपानं तीस वर्सं बरोबर मोजलं. पन जाताना मी नव्या मानसाच्या समोर बसून सांगतलं नाई. दुसऱ्याच्या हाती निरोप ठेवला अन् घरी जाऊन निजलो."

सभागृहाच्या त्या भिंतींनी पस्तीस वर्षांत पुष्कळ भाषणं ऐकली, पण चूक माझी आहे, हे वाक्य मी तरी तिथे पहिल्यांदा ऐकलं. अशा वाक्यावर पुढे काय बोलायचं असतं, ते कोणालाच माहीत नव्हतं.

सत्यभामाताई म्हणाल्या, चला, आधी या बाईंचं घर मोजू. भर दुपारी सगळे खालच्या वस्तीत निघाले. पुढे सुंदराबाई, मागे अख्खी नगरपरिषद, डोक्यावर रुमाल टाकून. गल्लीत शिरताच अर्ध्या लोकांचे रुमाल नाकावर आले.

खोलीत खाटेचे पाय विटांवर चढवलेले होते. पिठाचा डबा, आचलचं दप्तर, देव्हारा, सगळं खिळ्यांना टांगलेलं. जमिनीवर काही नव्हतं, कारण जमिनीवर काही टिकत नव्हतं. चारी भिंतींवर पाण्याची काळी रेघ उठली होती. मी या घरात पूर्वी येऊन गेलो होतो. तेव्हा ही रेघ नव्हती. मला तिथून पळून जावंसं वाटलं, पण टेपला पाय नसतात.

खोली मोजली, तेरा बाय पंधराच भरली. मग देवमनजी कसेबसे खाली वाकले, माझी कडी जमिनीला लावली आणि सूर्यभानला रेघेपाशी वाचायला सांगितलं.

"दोन फूट," सूर्यभानने वाचलं.

"ल्याहा एक," देवमनजी म्हणाले.

सूर्यभानने लिहिलं. सुंदराबाई आतापर्यंत दाराशीच उभ्या होत्या. त्या पुढे आल्या. आवाज चढवला नाही.

"टेपातून एक वजा केला, बरं झालं. आता मले सांगा, माह्या आचलचे दवाखान्यातले एकवीस दिवस कशातून वजा करता?"

बाजारपेठेचे नगरसेवक खाली बघत राहिले. सत्यभामाताईंचे डोळे भरून आले होते, आणि सूर्यभानने हातातली वही मिटली. जमिनीवर बसलेले देवमनजी काठीला धरून उठले.

"थे वजा होत नाई, बाई," ते म्हणाले. "पन त्यात बाविसावा मिळू द्याचा नाई, येवढं माह्या हातात हाये. माह्या घरी दोन खोल्या हायेत. पोरीले उद्या तिथं आना. गटार नीट होईस्तोवर तुमी सारे तिथंच राहा."

दुसऱ्या दिवशी आचल देवमनजींच्या घरी आली. त्याच दिवशी सभा पुन्हा भरली. निधी गटाराला गेला, खालचा भाग उकरून पुन्हा टाकायचं ठरलं. करात सूट मिळाली नाही. सगळी घरं पुन्हा मोजून ज्याची त्याची खरी घरपट्टी लावायची, असा ठराव झाला. घरांच्या मदतीच्या यादीत सुंदराबाईंचं नाव चढलं. यादीत नाव चढणं आणि भिंत चढणं यांत किती अंतर असतं, ते तुम्हाला मोठे झाल्यावर कळेल. मला ते मोजता येत नाही. गटाराचं काम मात्र सुरू झालं आहे. आचल अजून देवमनजींच्या घरीच आहे आणि तिचं वजन हळूहळू भरतं आहे. सूर्यभान रविवारी तिथे जातो, देवमनजींसमोर बसतो आणि इतक्या वर्षांत न विचारलेलं सगळं विचारतो.

मला भंगारात काढायचं ठरलं आहे. माझी हरकत नाही. मित्रांनो, एवढंच सांगतो. कोणी तुमच्या हाती एखादं काम सोपवलं, तर त्यातली खोट आधी विचारा. तुम्ही कोणाच्या हाती सोपवलं, तर त्याच्या समोर बसून, ती खोट स्वतःच्या तोंडाने सांगा. वस्तूला चमकवणं सोपं असतं, तिची उणीव लक्षात ठेवणं अवघड असतं. परवा ऑफिसात एक नवा पोलादी टेप आला. पिवळाधमक आहे, पिंटूने त्याला लगेच हार घातला. त्याला नमस्कार करा, जरूर करा. पण कामाला लावण्याआधी त्यालाही एकदा मोजून घ्या.